खालच्या फळीवरचं शेवटचं पुस्तक

मास्तर, तुमचं एक पुस्तक माझ्याकडं राहिलंय. काल तुमचा तेरावा झाला. पान वाढताना काकूंनी मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि तुमच्या भाच्यांनी वळून वळून बघितलं, की हा कोण गुरव पहिल्या पंगतीला? मी मान खाली घालून जेवलो. नेहमीसारखा भांडलो नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सख्या, आज तब्येत बरी नाही का रे तुझी?"

हे लिहितोय ते तुम्ही शिकवलेल्या भाषेत. मधेच आमची बोली घुसली तर चालवून घ्या. जिवंत होता तेव्हा तरी कुठं चालवून घेत होता! "हाय नाही, आहे," असं म्हणून म्हणून जीव खाल्लात माझा. आणि स्वतः मात्र काकूंवर चिडलात की "न्हाई म्हंजे न्हाई" असं बेलाशक बोलायचात.

आपली पहिली भेट झाली ती एका कागदामुळं. रहिमतपूरच्या बाजारादिवशी इंग्रजी कागद वाचून घ्यायला सगळी खेडी तुमच्या वाचनालयात यायची. कुणाची जमिनीची नोटीस, कुणाच्या पोराची मनीऑर्डर, कुणाचं पलटणीतलं पत्र. मीही असाच आलो, पटक्यात घडी घालून ठेवलेला सरकारी कागद घेऊन. तुम्ही तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन वाचलात. मग चष्मा काढलात. "धाकटा का?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, "व्हय. म्हादबा." तुम्ही म्हणालात, "ब्रह्मदेशात. मागच्या महिन्यात." बास. उठलात, कपाटाच्या पार खालच्या फळीवरून एक मळकं पुस्तक काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. मुंग्यांचं!

तेव्हा खरं सांगू, डोकंच फिरलं माझं. माझा भाऊ गेलाय आणि हा म्हातारा मला मुंग्यांचं पुस्तक देतोय! घरी जाऊन ते ओढ्यात टाकायचं असं ठरवूनच निघालो होतो. वाटेत एका बांधावर बसलो, रडून झालं, आणि मग दुसरं काही करायला नव्हतं म्हणून उघडलं. कुणा जंगलखात्यातल्या कारकुनानं लिहिलेलं. पेन्शनीत गेल्यावर त्यानं अंगणातल्या एका वारुळापुढं रोज सकाळी बसून नोंदी केलेल्या. एका जागी लिहिलं होतं की गाईचा पाय वारुळाच्या तोंडावर पडला, त्यात किती मेल्या आणि किती वाचल्या हे मोजलं, पण मेलेल्या आणि वाचलेल्या यांच्यात काही फरक असेल तो मला सापडला नाही. एवढंच लिहून तो पुढं मुंग्यांच्या अंड्यांकडं वळला होता. मी ते पान त्या दिवशी कितीदा वाचलं देव जाणे.

पुढच्या बाजारी मी पुस्तक परत केलं. तुम्ही विचारलंही नाहीत कसं वाटलं. खालच्या फळीवरून दुसरं काढलंत. "हे कुणी नेत नाही," असं कौतुकानं म्हणालात, जसं काही कुणी नेत नाही हाच त्या पुस्तकाचा मोठा गुण. वाचनालयातली बाकीची माणसं कादंबऱ्या न्यायची, फार तर एखादं संतचरित्र. तुमची खालची फळी म्हणजे अनाथांचा मेळा. नदी पात्र कशी बदलते यावर कुणा पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरनं लिहिलेलं, त्यात मधली सोळा पानं उलटी शिवलेली. बिया कशा पसरतात त्याचं, त्यात आमच्या देवळाच्या शिखरावरच्या पिंपळासारखाच एक पिंपळ होता आणि तो कावळ्यानं पेरलेला होता. आणि एक सोंगट्या-फाशांचं, की दान कसं पडतं, कितीदा टाकलं की काय पडेल असं धरून चालावं. हे पुस्तक एका शाळामास्तरानं स्वतःच्या खर्चानं सांगलीला छापून घेतलेलं आणि त्याच्या बायकोशिवाय कुणी वाचलं नसेल अशी तुमची खात्री होती. तुम्ही पहिल्या पानावरची त्याची सही मला दाखवलीत. "बघ, किती आशेनं केलीय," म्हणालात.

तो झडतीचा दिवस आठवतोय? चळवळीतल्या पोरांची पत्रकं शोधत पोलीस वाचनालयात शिरले. वरच्या फळ्या सगळ्या पालथ्या घातल्या, काही मिळालं नाही. मग फौजदारानं खालच्या फळीवरचं ते फाशांचं पुस्तक काढलं, फाशाचं चित्र बघितलं आणि डोळे वटारले. "मास्तर, जुगार शिकवता काय वाचनालयात?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "नाही साहेब, जुगार सुटावा म्हणून ठेवलंय." फौजदार पुस्तक घेऊनच गेला. महिन्यानं शिपायाबरोबर परत पाठवलं, आणि तुम्ही मला ते उघडून दाखवलंत, अर्ध्यापर्यंत पानांचे कोपरे मुडपलेले. काय हसलो होतो आपण! म्हादबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो तो त्या दिवशी.

पण जे मला खात होतं ते मी तुम्हाला वर्षभर सांगितलं नाही. सांगितलं ते त्या फाशांच्या पुस्तकामुळं.

आमच्या घरी भैरोबाची गुरवकी. कुणाची सोयरीक, कुणाची विहीर, कुणाची हरवलेली म्हैस, काहीही असो, गाव देवाला कौल लावायला येणार. देवाच्या उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक अशा कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उंब्रजच्या बाजारात पलटणीचे भरतीवाले आले तेव्हा आबांनी ठरवलं की दोघांतल्या एकानं जायचं, एकानं देव सांभाळायचा. कोण ते देवानंच सांगावं. उजवी पडली तर म्हादबा, डावी पडली तर मी. आबांचे हात कापायचे म्हणून पाकळ्या मी लावल्या.

उजवी पडली. म्हादबा हसला. "देवाला बी माझी कटकट नको झालीया, दादा," म्हणाला. आणि गेला तो गेलाच.

मला जायचं नव्हतं, मास्तर. लग्नाला वर्ष झालं होतं आणि लढाईचं नाव काढलं की मी उठून जायचो. मग उजवी पाकळी मी कच्ची लावली होती का? मुद्दाम लावली नाही, हे भैरोबाच्या पायावर हात ठेवून सांगेन. पण हाताला मनातलं कळतं की. ते फाशांचं पुस्तक परत करताना हे सगळं मी तुमच्यापुढं ओतलं. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून घेतलंत. मग म्हणालात, "सख्या, मोजू या."

काकूंचा वरवंटा तुम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत उभा केलात. तो देव. उजव्या अंगाखाली पितळी वाटी ठेवलीत, डाव्या अंगाखाली चिनीमातीची बशी, पाकळ्या भुईवर पडून चिरडायला नकोत म्हणून. मी पाकळ्या लावायच्या, आधी पडेल ती ओरडून सांगायची, उरलेली काढून टाकायची. तुम्ही पाटीवर रेघ ओढायची. बाजाराच्या एका दिवशी वीस वेळा. मला वाटलं, देवाची थट्टा आहे ही. पण बसलो. पहिल्या दिवशी चौदा वेळा उजवी, सहा वेळा डावी. तुम्ही म्हणालात, "वीस म्हणजे काहीच नाही. पुढच्या बाजारी बघू."

घरी गेलो पण अन्न गोड लागेना. चौदा! म्हणजे माझा हातच तसला. उजवी कच्ची लावणारा हात.

दुसऱ्या बाजारी पुन्हा उजवीच पडायला लागली, आणि मी खोटं बोललो. उजवी पडली आणि मी म्हटलं, "डावी." तुम्ही रेघ ओढलीत. बघितलंत सुद्धा नाही. मग दर दोन-तीन वेळांनी मी तसंच करत गेलो, आणि तुम्ही ओढत गेलात. त्याही बाजारी, तिसऱ्या आणि चौथ्या बाजारीही. शेवटी ऐंशी वेळा झालं. तुम्ही पाटी मांडीवर घेतलीत, बोटानं रेघा चाचपत मोजलंत आणि तुमचा चेहरा फुलला. "एक्केचाळीस उजव्या, एकोणचाळीस डाव्या. बघ सख्या! यात कुणाचा हात नाही. देवाचा नाही आणि तुझाही नाही. सुटलास तू."

आणि मी तुमच्यावर भडकलो. का भडकलो ते तुम्हाला सांगणार कसं? मला माफ केलं होतं ते खोट्या रेघांनी. तुम्ही एवढे खूश, आणि मी एकटाच खरा आकडा पोटात घेऊन बसलेला. मी ओरडलो, "तुमाला काय कळतंय वं मास्तर? तुमचं कोन गेलंय?"

तुमची दोन लेकरं प्लेगात गेली. सगळ्या पेठेला माहीत, मलाही माहीत. आणि तरी हे तोंडातून गेलं. तुम्ही पाटी पुसायला घेतलीत. मी वहाणा घालून निघून आलो आणि मग आलोच नाही.

चार महिने! दर बाजारी रहिमतपूरला यायचो, तेल-मीठ घ्यायचो आणि वाचनालयाच्या गल्लीला वळसा घालून जायचो. लाज वाटत होती, पण मी तिला राग म्हणत होतो. मधेच एकदा आमच्या गावच्या तेल्याबरोबर तुम्ही एक पुस्तक पाठवलंत, सुतळीनं बांधलेलं. "मास्तरांनी सांगितलंय, सावकाश वाच," तेली म्हणाला. मी ते देवळाच्या कोनाड्यात ठेवलं. सुतळी सोडली नाही. म्हटलं, येऊ दे की म्हाताऱ्याला स्वतः. तुम्ही कोसभर चालत येणार नाही हे दिसत होतं, तरी म्हटलं.

आणि मग तोच तेली एका सकाळी येऊन म्हणाला, "सखाराम, मास्तर गेलं की." मी धावत आलो. नदीवर पोचलो तोवर माणसं परत निघाली होती.

काल पंगत उठल्यावर मी काकूंना म्हटलं, "काकू, त्यांचं पुस्तक आणून देतो." काकू म्हणाल्या, "वाचलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्यांना तरी कुठं वाचता आलं ते! मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. वर्षभर काही दिसत नव्हतं, मोठी अक्षरं सोडली तर. कुणाला सांगायचं नाही म्हणाले, नाहीतर वाचनालय काढून घेतील."

मास्तर, माझ्या डोक्यात तेव्हा एकेक गोष्ट लागायला लागली. म्हणून तुम्ही मला सगळं मोठ्यानं वाचायला लावत होतात! "तुझे उच्चार सुधारतील," म्हणायचात. नदीचं पुस्तक मी तुम्हाला तीन बाजार वाचून दाखवलं आणि उलट्या शिवलेल्या पानांवर अडखळलो की तुम्ही पुढचं तोंडपाठ सांगायचात. मी समजत होतो, तुम्ही मला पुस्तकं देताय. तुम्हालाही कुणी वाचून दाखवायला हवं होतं. तेवढं एक माणूस होतं तुमच्याकडं, आणि ते चार महिने गल्लीला वळसा घालून जात होतं.

मी विचारलं, "मग पाकळ्या? त्या बी दिसत नव्हत्या?" काकू म्हणाल्या, "कुठल्या दिसायला? पण त्यांना ठाऊक होतं. तू गेलास की मला म्हणायचे, वाटीतल्या आणि बशीतल्या मोज. चारही बाजार मिळून वाटीत सत्तावन्न होत्या आणि बशीत तेवीस."

मी वाटी-बशी विसरलोच होतो. देवळात खाली पडलेल्या पाकळ्या निर्माल्यात जातात, त्यांच्याकडं कोण बघतो? तोंडानं सांगितलं की कौल झाला. जन्मभर तेच केलं होतं मी.

"मी म्हटलं यांना," काकू सांगत होत्या, "पोरगं खोटं बोलतंय, सांगा की त्याला. तर म्हणाले, त्याला निम्म्या-निम्म्याची गरज आहे, घेऊ दे. तू चिडून गेलास आणि मग मात्र ह्यांना चैन पडेना. महिनाभर रोज दुपारी मला त्या वरवंट्यापुढं बसवलं. मी पाकळ्या लावायच्या आणि मीच सांगायचं. स्वयंपाकाचा वरवंटा, मास्तरीणबाई गुरवीण झाल्या!" त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "मग एक दिवस टाळी वाजवली त्यांनी. तुला चिठ्ठी लिहिली, पुस्तकात घातली."

कोसभर वाट मी कशी आलो ते आठवत नाही. कोनाड्यातून पुस्तक काढलं, सुतळी तोडली. पक्ष्यांची अंडी वाऱ्यापावसात किती टिकतात, त्यावरचं पुस्तक. पानं कापलेलीच नव्हती, जशी छापखान्यातून आली तशीच जोडलेली. तुम्ही न वाचलेलं, कुणीच न वाचलेलं. आत तुमची चिठ्ठी. बोटाएवढी अक्षरं, एकमेकांवर चढलेली, ओळी पार कोपऱ्यात घसरलेल्या.

"सख्या, डावी आधी लावून बघ. मी सांगून तुला पटणार नाही. आणि या वेळी खरं सांग. मी लिहून घ्यायला बसलोय."

आज सकाळी पूजा आटोपली, आणि घरातला वरवंटा मागच्या परड्यात उभा केला, उजवीकडं वाटी, डावीकडं बशी ठेवली. बायको म्हणाली, "आवं, ह्ये काय नवीन?" मी म्हटलं, "मास्तरांचं काम हाय." तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. म्हादबाचा कागद वाचून तुम्ही मुंग्यांचं पुस्तक कसं हातात दिलंत, ते मी तिला सांगितलंय.

आमच्या घराण्यात उजवी पाकळी आधी लावायची रीत. आबा तशी लावायचे, त्यांचे आबा तशी लावायचे. उजवं अंग शुभ, म्हणून त्याचा मान पहिला. मीही न चुकता तशीच लावत आलो, तुमच्या वरवंट्यावर सुद्धा. हात आपोआप उजवीकडंच जातो. आज त्याला दटावून डावीकडं नेला. पहिल्यांदा डावी लावली, मग उजवी. बसलो बघत.

मास्तर, जी आधी लावली तिचं पाणी आधी सुकतं. एवढंच होतं! कण्हेरीची पाकळी आणि ओंजळभर पाणी. माझ्या हाताच्या मनात काय होतं ते त्या पाण्यानं विचारलं नव्हतं. आबांनी लावली असती तरी बहुधा उजवीच पडली असती. वीस वेळा केलं मी. बहुतेक वेळा तेच. परड्यात बसून मी म्हादबाच्या नावानं मोठ्यानं रडलो. त्याला पाठवलं ते एका रीतीनं, आणि ती रीत माझ्या हातात होती. यातून मी पुरता सुटलोय असं नाही. पण त्याला घालवायला माझं मन टपलं होतं, ही एक गोष्ट आता मी रोज रोज स्वतःला सांगणार नाही. एवढं तुम्ही मला दिलंत, आणि मी चार महिने सुतळी सोडली नाही.

आजपासून पाकळ्या दोन्ही हातांनी एकदम लावायच्या असं ठरवलंय. दुपारी एक कौल आला होता, त्याला तसंच केलं. माणूस म्हणाला, "ही कुठली रीत गुरव?" मी म्हटलं, "ही माझ्या मास्तरांची." तो बिचारा फौजेतून परत आलाय, सोबतचे गेले आणि आपण कसे राहिलो हेच देवाला विचारायला आला होता. कौल झाला, पण तो उठेना. वाचता येतं का विचारलं तर येतं म्हणाला. येत्या बाजारी त्याला रहिमतपूरला घेऊन जाणार आहे, खालच्या फळीपाशी. मुंग्यांचं पुस्तक आधी देईन. तो चिडेल, चिडू दे.

अंड्यांच्या पुस्तकाची पहिली आठ पानं मी सुरीनं कापलीत. मोठ्यानं वाचतोय, उच्चार सांभाळून. पण मधे कुणी टोकत नाही. आहे म्हणा, हाय म्हणा, कुणाला काही फरक पडत नाही, आणि हे मला सोसवत नाही मास्तर. तुमच्या लेकरांवरून मी जे बोललो, त्याची माफी तुमच्यापुढं उभा राहून मागायची होती. ती आता या कागदावरच मागतोय.

तुम्ही लिहून घ्यायला बसलाय म्हणालात ना? मग ऐका. वीस वेळा लावली, डावी आधी. तीन वेळा उजवी पडली. सतरा वेळा डावी. बशी भरलीय, काकूंना मोजायला सांगा. मास्तर, या वेळी खरं सांगतोय. डावी पडली. लिहून घ्या.